कै. महाराज यशवंतराव होळकर : एक रसिक राजपुरुष

पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या गादीवर बसलेले इंदूरचे अखेरचे सत्ताधीश म्हणून कै. महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांचे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. त्यांच्या वैभवाच्या कथा पुष्कळ ऐकू येतात; त्या वैभवामागील दृष्टीचा परिचय तरुण पिढीस व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

महाराजांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. पिताजी तुकोजीराव (तृतीय) यांनी १९२६ साली राजत्याग केल्यामुळे अवघ्या सतराव्या वर्षी गादीचा भार त्यांच्यावर आला. पूर्ण राज्याधिकार १९३० साली मिळाले. ऑक्सफर्ड येथे शिकत असतां जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि त्यांच्याकडूनच महाराजांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. कमानी व घुमट यांना फाटा देऊन साध्या, स्वच्छ रेषांचे सौंदर्य त्यांनी पसंत केले.

हीच रुची त्यांच्या सुप्रसिद्ध मोटारीत उतरली. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनी केवळ यंत्र व सांगाडा तयार करी. वरचा साज ग्राहकाने स्वतंत्र कारागिराकडून घडवून घ्यावयाचा. महाराजांनी सुपरचार्जर जोडलेला, ३२० अश्वशक्तीचा सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून त्यावर दोन आसनांची, मागे नावेसारखी निमुळती होत जाणारी उघडी मोटार १९३५-३६ च्या सुमारास बांधवून घेतली. तिला केशरी व काळा रंग दिला होता.

परंतु काळ फिरला. १९३७ साली ड्यूसेनबर्गचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे निवर्तल्या. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि महाराज उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. मोटार अमेरिकेस परत गेली. माणिकबागेतील सामान १९८० साली परदेशी लिलावात विकले गेले.

प्रजेच्या कराच्या पैशावर असा शौक योग्य होता काय, हा प्रश्न टाळून चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटांवर आजही यात्रेकरू स्नान करतात. त्यांच्या गादीच्या वारसाची मोटार मात्र परक्या संग्रहाची शोभा झाली. तरीही, चार वेळा रणजी करंडक जिंकणारा होळकर संघ महाराजांच्याच आश्रयाने नांदला, आणि इंदूरचे मोठे सरकारी रुग्णालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उत्तम कारागीर ओळखून त्याचा मान राखावा, हे त्यांच्यापासून शिकावे. आणि जे लोकांसाठी उभारले जाते तेच लोकांत टिकते, हेही त्यांच्याच चरित्रावरून ध्यानी घ्यावे.