संस्कृतचे प्राध्यापक, महाराष्ट्राचे कप्तान

‘देवधर करंडक’ हे नाव आपल्या वर्गातल्या मुलांना तोंडपाठ असायचे. पण हे देवधर कोण, असे विचारले असते तर बहुतेकांनी खाली पाहिले असते. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा याच मास्तरांवर लिहायचे ठरवले, कारण देवधर खरोखरच मास्तर होते.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पुढे ते सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. पोटासाठी अध्यापन आणि हौसेसाठी क्रिकेट, असा हिशेब होता. १९११ साली ते प्रथम श्रेणीत खेळू लागले. त्या काळात मुंबईला हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा संघांचे सामने भरत. देवधर हिंदूंकडून खेळत.

त्यांचे नाव देशभर झाले १९२६ मध्ये. गिलिगनच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानात आला होता. मॉरिस टेटसारखा गोलंदाज त्या संघात होता आणि अख्ख्या दौऱ्यात तो संघ एकही सामना हरला नाही. मुंबईच्या जिमखाना मैदानावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी या पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. त्याच मैदानावर थोडे आधी सी. के. नायडूंनी हिंदूंसाठी १५३ धावा झोडपल्या होत्या. इथली माणसे बरोबरीने खेळू शकतात, हे या दोन खेळींनी दिसले. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

त्या संघात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. ज्या दारापर्यंत संघ पोचावा म्हणून त्यांनी हातभार लावला, त्या दारातून त्यांना आत जाता आले नाही. ते एकही कसोटी खेळले नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चाळिशीनंतर माणसाकडे कसे पाहिले जाते, हे मी रोज अनुभवते. त्यामुळे हा भाग वाचताना मी जरा जास्तच थांबले.

खरी गंमत तर पुढे आहे. रणजी करंडकात महाराष्ट्राचे कप्तान म्हणून त्यांनी तरुण पोरांचा संघ बांधला. विजय हजारे, रंगा सोहोनी ही त्यातलीच नावे. हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला हरवून करंडक जिंकला. पुढच्या वर्षी मुंबईने ६५० धावा केल्या, तर महाराष्ट्राने ६७५! त्यांतल्या २४६ एकट्या देवधरांच्या. वय पन्नाशीला टेकलेले. अंतिम सामना मद्रासला झाला आणि करंडक पुन्हा महाराष्ट्राकडे आला. पुण्याहून मद्रासचा लोहमार्ग आपल्या कुर्डुवाडीवरूनच जातो, हे रेल्वेवाल्यांच्या पोरांना सांगायला नको.

१९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी १०५ आणि १४१ धावा केल्या, तेव्हा त्यांना त्रेपन्नावे वर्ष चालू होते. चाळिशीत ज्यांना म्हातारे ठरवले, त्यांचे हे उत्तर!

घरातही खेळच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. त्या काळात मुलींना मैदानावर पाठवणारा बाप म्हणून मला देवधर २४६ धावांपेक्षाही मोठे वाटतात. आपल्याकडे तर नव्वदीतही आठवीनंतर मुलींचा खेळाचा तास हळूच शिवणकामाला जायचा.

एकूण ८१ प्रथम श्रेणी सामने आणि ४५२२ धावा. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली, ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १९९२ मध्ये शंभरी पूर्ण केली आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते गेले. आपण तेव्हा शाळेतच होतो. तीन वर्षांनी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.