काननदेवी : सन्मान आणि सुरक्षितता यांमधले अंतर

दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. त्याच्या पहिल्या आठ मानकऱ्यांपैकी चौघांची कर्मभूमी कोलकाता होती. बी. एन. सरकार, पंकज मल्लिक व धीरेन गांगुली हे त्यांतील तिघे, आणि १९७६ चा पुरस्कार मिळालेल्या काननदेवी या चौथ्या. चित्रसृष्टीतील त्यांचे पहिले काम १९२६ मधले. म्हणजे स्टुडिओच्या दारात पाऊल ठेवल्यापासून राष्ट्राच्या सर्वोच्च चित्रपट-सन्मानापर्यंत बरोबर पन्नास वर्षे गेली. या पन्नास वर्षांकडे केवळ एका तारकेच्या उत्कर्षाची कथा म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. कलेवर पोट असलेल्या स्त्रीला राज्यसंस्था आणि समाज काय देतात, केव्हा देतात आणि काय देत नाहीत, याचा तो एक दस्तऐवज आहे.

काननबालांचा जन्म १९१६ साली हावडा येथे झाला. ज्यांना त्या वडील मानत, त्या रतनचंद्र दासांच्या निधनानंतर माय-लेकी निराधार झाल्या. आप्तांच्या घरी राबून दिवस काढावे लागले. अशा स्थितीत एका हितचिंतकाने दहा वर्षांच्या या मुलीला मादन थिएटर्सच्या स्टुडिओत नेले. ‘जयदेव’ या मूकपटात तिला लहानशी भूमिका मिळाली. ठरलेल्या रकमेतील थोडाच भाग तिच्या हाती पडला. बालमजुरी, मध्यस्थ आणि कापलेला मोबदला या असंघटित क्षेत्राच्या तिन्ही खुणा तिच्या पहिल्याच कामात दिसतात.

याच सुमारास, १९२७-२८ मध्ये, सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. मादन कंपनीची मक्तेदारी हा तिच्या चौकशीचा एक महत्त्वाचा विषय होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या समितीसमोरच्या साक्षी आजही खिळवून ठेवतात. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया पडद्यावर येतील काय, ही चिंता त्यांत पुनःपुन्हा डोकावते. ज्या स्त्रिया आधीच या व्यवसायात होत्या, त्यांना मोबदला वेळेवर मिळतो काय, हा प्रश्न मात्र त्या चिंतेच्या छायेत झाकोळला. प्रतिष्ठेची काळजी वाहणाऱ्यांना हक्काचे विस्मरण झाले.

त्याची किंमत काननबालांनी मोजली. १९३१ च्या ‘जोर बरात’ या बोलपटात नायकाने त्यांचे चुंबन घेतले. दिग्दर्शकाने नायकाला तशी सूचना दिली होती. पंधरा वर्षांच्या नायिकेला मात्र काहीच सांगितले नव्हते. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे प्रमथेश बरुआंना ‘देवदास’मध्ये पार्वतीच्या भूमिकेसाठी त्या हव्या होत्या, पण त्या राधा फिल्म्सशी कराराने बांधलेल्या असल्याने ती भूमिका हुकली. करार होता तो मालकाच्या रक्षणासाठी. कलावतीला त्याचे फक्त बंधन होते.

‘मानमयी गर्ल्स स्कूल’ने १९३५ साली त्यांना लोकप्रियता मिळवून दिली आणि पुढे त्या न्यू थिएटर्समध्ये आल्या. १९३७ हे वर्ष मराठी वाचक ‘कुंकू’मुळे ओळखतो. त्याच वर्षी कोलकात्यात बरुआंचा ‘मुक्ति’ आणि देवकी बोस यांचा ‘विद्यापति’ प्रदर्शित झाला. ‘मुक्ति’तून रवींद्रसंगीत चित्रपटाच्या मार्गाने सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले आणि त्यात काननदेवींच्या गळ्याचा वाटा मोठा होता. १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये कुंदनलाल सैगल त्यांचे सहकलाकार होते. कोल्हापुरात आणि नंतर पुण्यात ‘प्रभात’ने जे केले, तेच काम कोलकात्यात न्यू थिएटर्स करीत होती. पगारी कलावंत, संगीतकार व तंत्रज्ञ एका छताखाली आणून या संस्थांनी चित्रपटाला शिस्त दिली. ज्या मुलीला शाळा लाभली नाही, तिला रायचंद बोराल, पंकज मल्लिक, भीष्मदेव चट्टोपाध्याय, अनादि दस्तिदार यांच्यासारखे गुरू लाभले. संस्था चांगली असेल तर ती व्यक्तीचे शिक्षण पुरे करू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

समाज मात्र संस्थेइतका उदार नव्हता. १९४० साली त्यांचा विवाह अशोक मैत्र यांच्याशी झाला. सासरे हेरंबचंद्र मैत्र हे सिटी कॉलेजचे प्राचार्य आणि ब्राह्मो समाजातील कडक नीतिनिष्ठ गृहस्थ. त्यांच्याविषयी कोलकात्यात एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका तरुणाने त्यांना स्टार थिएटरचा रस्ता विचारला. नाट्यगृहाविषयीच्या तिटकाऱ्याने त्यांनी ठाऊक नसल्याचे सांगितले. मग असत्य बोलल्याच्या पश्चात्तापाने मागे धावत जाऊन, ठाऊक आहे पण सांगणार नाही, असे त्यांनी त्याला बजावले. अशा घरात पडद्यावरील नटी सून म्हणून आली, तेव्हा उठलेल्या गदारोळाची कल्पना करता येते. रवींद्रनाथांनी नवदांपत्याला स्वाक्षरी केलेले आपले छायाचित्र भेट दिले, तर टीकेचे शिंतोडे त्यांच्यावरही उडाले. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण यांसाठी झुंजलेल्या समाजाची सुधारणा नटीच्या उंबरठ्याशी येऊन थांबली. १९४५ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. पण सासूबाईंशी आणि नणंद राणी महालनोबीस यांच्याशी जुळलेले स्नेहबंध टिकले. राणी या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पत्नी. कायद्याने तुटलेले नाते माणुसकीने जपण्याची काननदेवींची ही हातोटी असामान्य होती.

न्यू थिएटर्स त्यांनी १९४१ मध्ये सोडले होते. पुढच्याच वर्षी ‘जवाब’मधील त्यांच्या ‘तुफान मेल’च्या गाण्याने देशभर धुमाकूळ घातला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी लंडनमधील इंडिया हाऊसमध्ये झालेल्या स्वातंत्र्यसमारंभात त्या गायल्या. १९४९ मध्ये राज्यपालांचे एडीसी असलेले हरिदास भट्टाचार्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांनी ‘श्रीमती पिक्चर्स’ ही निर्मितीसंस्था काढली. ‘मेजदिदि’, ‘दर्पचूर्ण’, ‘नवविधान’, ‘राजलक्ष्मी ओ श्रीकांत’ अशा त्यांच्या चित्रपटांचा आधार शरदबाबूंचे साहित्य होते. मामा वरेरकरांच्या अनुवादांवर वाढलेल्या मराठी वाचकाला त्यातील स्त्रिया परक्या नाहीत. तरुण मजुमदारांसारखे पुढे नावारूपाला आलेले दिग्दर्शक याच संस्थेत उमेदवारी करून घडले. करारातील सही करणारी मुलगी आता करार करून देणारी मालकीण झाली होती.

तरीही त्यांचे सर्वांत मोलाचे काम मी ‘महिला शिल्पी महल’ला मानतो. विपन्नावस्थेतील वृद्ध अभिनेत्रींना साहाय्य करण्यासाठी कलावतींनीच उभारलेली ही संस्था; नाट्यप्रयोगांतून तिचा निधी जमे. सेवेत असताना वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे काही अर्ज माझ्या नजरेखालून गेले आहेत. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, कलाक्षेत्रातील कारकिर्दीची कागदपत्रे अशी मागणी त्यांत असे. आयुष्यभर तोंडी बोलीवर काम केलेल्या स्त्रीपाशी ही कागदपत्रे कोठून येणार? जिला मदतीची निकड सर्वाधिक, तिचाच अर्ज अपूर्ण ठरे. काननदेवींना हा तिढा ठाऊक होता, कारण त्या स्वतः त्याच वाटेने आल्या होत्या.

राज्यसंस्थेला हे उमगण्यास वेळ लागला. चित्रपट कामगारांसाठी लेखी करार बंधनकारक करणारा आणि कल्याणनिधी स्थापणारा असे दोन कायदे १९८१ मध्ये झाले. २०२० च्या संहितांनी ते स्वतःत सामावून घेतले. तरीही केरळमधील न्यायमूर्ती हेमा समितीचा २०२४ मध्ये प्रकाशित झालेला अहवाल लेखी करारांच्या अभावाकडे आणि आधी कल्पना न दिलेल्या प्रसंगांसाठी अभिनेत्रींवर आणल्या जाणाऱ्या दबावाकडेच बोट दाखवतो. ‘जोर बरात’ आणि हा अहवाल यांच्यामध्ये नऊ दशके आहेत. तक्रार तीच आहे.

काननदेवींना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये त्यांनी ‘सबारे आमि नमि’ या आत्मचरित्रात सर्वांना नमस्कार करून आपला हिशेब मांडला. १७ जुलै १९९२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. २०२४ च्या अखेरीस पश्चिम बंगाल सरकारने स्टार थिएटरला नटी बिनोदिनीचे नाव दिले. ज्या मूळ ‘स्टार’ला १८८३ मध्ये तिचे नाव देण्याचे ठरूनही ते टाळले गेले होते, त्याचे हे उशिराचे परिमार्जन. पाट्या, तिकिटे, पुरस्कार हे सारे उचितच आहे. परंतु ते बहुधा टिकून राहिलेल्यांच्या वाट्याला येतात. लेखी करार, वेळेवर मोबदला, पूर्वसंमती आणि वृद्धापकाळाची तरतूद मात्र जिचे नाव कोणालाच आठवत नाही, तिच्यापर्यंतही पोहोचू शकतात. शासनाच्या सांस्कृतिक धोरणाचे मोजमाप त्यावरूनच व्हावे.