वाजवता न येणाऱ्याची गिटार

थर्ड इयरला आल्या आल्या मी ठरवलं, यंदा गॅदरिंगला बँडमध्ये गिटार वाजवायचीच. शेजारच्या रूममधल्या सीनिअरची इलेक्ट्रिक गिटार महिनाभर मागून आणली आणि तेव्हा कळलं की माझी करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. मी लहान असताना ती घराच्या दारात सापडली होती, तेव्हापासून ती पूर्ण ताणली जात नाही. आणि मुळात माझा हातच लहान. बँडमधल्या मुलांनी मोठ्या मनाने सांगितलं की मग तू गा. मला गायचं नाही हो, वाजवायचंय!

थोडी चौकशी केल्यावर समजलं की यावर उपाय आहे आणि तो पन्नासच्या दशकातच निघालाय. त्याचं नाव शॉर्ट-स्केल गिटार. सुट्टीत पुण्याला दुकानं पालथी घातली. एका दुकानात मला बटण दाबल्यावर गाणं म्हणणारी लाल गिटार दाखवली आणि बाळ किती वर्षांचं आहे असं विचारलं. दुसऱ्या दुकानात असलं काही बनतच नाही म्हणाले. तिसऱ्याने बनतं हे कबूल केलं, पण पूर्ण पैसे आधी, वाजवून बघायचं नाही आणि परत घेणार नाही. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून साठवलेले पैसे न बघितलेल्या वस्तूवर लावायचे! परत हॉस्टेलवर आले ती चिडूनच. मग म्हटलं, अशी गिटार ज्याने काढली तो माणूस होता तरी कोण ते बघू. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं पाप संपादकांच्या माथी.)

त्याचं नाव लिओ फेंडर. रॉक ऐकणाऱ्यांना फेंडर हे नाव गिटारच्या डोक्यावर पाहून माहीत असतं. माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. आणि सगळ्यात मोठी गंमत आधीच सांगून टाकते : या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणं सोडा, ती सुरात लावतासुद्धा येत नव्हती. लहानपणी थोडा पियानो आणि सॅक्सोफोन शिकला, तेवढंच त्याचं संगीत.

जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधल्या भागात. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर काचेचा डोळा राहिला. तेरा-चौदा वर्षांचा असताना मोटारींच्या विजेची कामं करणाऱ्या काकाने त्याला रेडिओच्या टाकाऊ भागांचं एक खोकं पाठवलं. पुढे काकाच्या दुकानात त्याने घरी बनवलेला रेडिओ पाहिला आणि पोरगा कायमचा बिघडला. शाळेत असतानाच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

आता आपल्यासारख्यांना वाटेल की पुढे त्याने इलेक्ट्रॉनिक्सला अ‍ॅडमिशन घेतली असणार. नाही! कॉलेजात तो अकाउंटिंग शिकला. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स केला नाही. बर्फाच्या कंपनीत हिशेब लिहिले, मग सरकारी रस्ते खात्यात, मग टायरच्या कंपनीत. मंदीच्या त्या दिवसांत नोकऱ्या टिकत नव्हत्या. शेवटी १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक मंडळी बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायची. एका डोळ्यामुळे लष्करात घेतलं नाही, म्हणून महायुद्धाच्या काळातही दुकान चालू राहिलं.

त्या दुकानातच डॉक कॉफमन नावाच्या मित्राबरोबर त्याने एक पिकअप बनवला, म्हणजे तारेच्या कंपनाचं विजेत रूपांतर करणारं लोहचुंबक आणि कॉइल. तो तपासायला एका लाकडाच्या ठोकळ्याची ओबडधोबड गिटार केली. ती होती नुसती टेस्ट रिग, पण गावातले वादक तीच मागून न्यायला लागले. तिथून पुढे १९४५ ला दोघांची छोटी कंपनी, १९४६ ला कॉफमन बाहेर आणि फेंडर एकटा.

१९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिचं ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमशी जुळत होतं, म्हणून १९५१ ला ते टेलिकास्टर झालं. मेकॅनिकलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. तेव्हाच्या चांगल्या गिटारची मान खोडाला सरसाने चिकटवलेली असे. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. मान खराब झाली? स्क्रू काढा, दुसरी बसवा. हा सगळा रेडिओ मेकॅनिकचा विचार आहे, कारण वस्तू बिघडणार हे त्याने धरूनच ठेवलेलं असायचं. त्याच १९५१ साली प्रिसिजन बास आली. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली. ती कशी दिसते ते सांगायला नको, कोणत्याही हॉस्टेलच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तीच असते. वाजवता येत नसल्यामुळे लिओ प्रत्येक नमुना गावातल्या वादकांकडे पाठवायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. मला वाटतं, स्वतः वाजवणारा असता तर त्याने स्वतःच्या हाताच्या मापाची गिटार केली असती आणि तिथेच थांबला असता.

पण स्ट्रॅटोकास्टरची किंमत होती २४९.५० डॉलर. शिकणाऱ्या पोराच्या बापाला ती कशी परवडणार? म्हणून १९५६ मध्ये त्याच्या कंपनीने म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक अशा दोन गिटार काढल्या. पहिलीला एक पिकअप, दुसरीला दोन. म्युझिकमास्टर स्ट्रॅटोकास्टरच्या निम्म्याच्या आसपास किमतीत मिळायची. काटकसर कशी केली पाहा. दोघींचं खोड एकच. म्युझिकमास्टरमध्येही दुसऱ्या पिकअपचा खड्डा कोरलेला, फक्त तो वरच्या प्लेटखाली झाकलेला. एक साचा, दोन वस्तू. आणि ही लहान मुलांची खेळणी नव्हती. शिकणाऱ्यांसाठी आणि लहान हातांच्या मोठ्या माणसांसाठी, अशीच ती विकायला ठेवली होती. हे वाचलं तेव्हा मी मेसमध्ये होते, ताटातली आमटी गार झाली.

शॉर्ट-स्केल म्हणजे काय ते सांगते. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी म्हणजे स्केल. स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच, या दोघींची २२.५. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं सूत्र आठवा. तार तीच आणि सूरही तोच हवा असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गणित केलं तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे तार बोटाखाली मऊ लागते. पडद्यांमधलं अंतरही त्याच प्रमाणात आक्रसतं. नटपासून चौथ्या पडद्यापर्यंत मोठ्या गिटारवर साधारण १३४ मिलिमीटर, छोटीवर ११८. सोळा मिलिमीटरचा फरक! माझ्या करंगळीला कमी पडतात ते बरोबर एवढेच. (पट्टी लावून मोजलंय.) तोटेही आहेत. सैल तारेवर बोट जरा जोरात दाबलं की सूर चढतो, आणि वरच्या पडद्यांवर बोटांना जागा कमी पडते. पण मला अजून वरच्या पडद्यांपर्यंत पोचायचंय कुठे?

१९६४ ला याच घराण्यात २४ इंचांची मस्टँग आली. त्याच सुमाराला आयझली ब्रदर्सच्या मागे साथीला एक गरीब डावखुरा पोरगा ड्युओ-सॉनिक वाजवत होता. नाव जिमी हेंड्रिक्स.

लिओची तब्येत मात्र बिघडली होती. सायनसचा जुना संसर्ग काही केल्या बरा होईना. आपण फार दिवस काढत नाही असं वाटून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकून टाकली. आणि थोड्याच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या औषधाने दुखणं बरं झालं! स्वतःचं नाव मात्र विकून बसलेला. दुसरा कोणी असता तर बागेतली संत्री खात बसला असता. याने सत्तरच्या दशकात म्युझिक मॅनसाठी काम केलं, तिथली १९७६ ची स्टिंगरे बास आजही नावाजली जाते. १९७९ ला पत्नी एस्थर गेली. त्यानंतर जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर जी अँड एल ही कंपनी काढली. पार्किन्सनने हात थरथरत असतानाही तो वर्कशॉपला जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला.

त्याच वर्षी निर्वाणाच्या एका गाजलेल्या व्हिडिओत कर्ट कोबेनच्या हातात मस्टँग दिसली. गरीब पोरांची म्हणून निघालेली ही जुनी गिटार मग फॅशन झाली, आणि आता तिच्या भावाला संग्राहकच हात लावतात. नवीन स्वस्त प्रती आजही बनतात. आपल्याकडच्या दुकानाच्या भिंतीवर ती टांगलेली दिसणं मात्र कठीण.

मागच्या शनिवारी मी परत त्या तिसऱ्या दुकानात गेले. लिओचं नाव घेतलं, सोळा मिलिमीटरचं गणित कागदावर करून दाखवलं. काका ऐकून घेत होते, मध्येच चहाही मागवला. अर्ध्या पैशांवर ऑर्डर घेतली आणि आल्यावर आधी वाजवून बघ म्हणाले. गॅदरिंग फेब्रुवारीत आहे, गिटार जानेवारीत येईल असा त्यांचा अंदाज. ऑर्डरच्या वहीत माझ्या नावापुढे त्यांनी लिहून ठेवलंय : छोटी गिटार, मोठ्या माणसासाठी.