बिशप सॅम्युएल अजायी क्राउथर यांचे चरित्र

आफ्रिका खंडाचे नाव निघाले की आमच्या पुष्कळ बांधवांच्या डोळ्यांपुढे एकच देश, एकच जात व एकच भाषा उभी राहते. ही समजूत खरी नव्हे. ते खंड आपल्या भारत देशाच्या सुमारे नऊपट आहे; त्यात आज ५४ स्वतंत्र राष्ट्रे असून तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे. एवढा अफाट विषय एका लेखात मावणे शक्य नाही. म्हणून एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधाराने त्या खंडाच्या पश्चिम भागाची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्ही योजिले आहे. तो पुरुष म्हणजे नायजर प्रांताचे बिशप सॅम्युएल अजायी क्राउथर होत.

प्रथम त्या देशाची मोठी नदी पाहू. आपली गोदावरी पश्चिम समुद्राच्या जवळ, त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावते. परंतु त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेचा लांब मार्ग धरते. नायजर नदीचेही असेच आहे. गिनी देशाच्या डोंगरात, अटलांटिक महासागरापासून सुमारे २४० किलोमीटरांवर ती उगम पावते व ईशान्येस सहारा वाळवंटाच्या दिशेने चालू लागते. तिंबक्तू नगराजवळून पुढे गेल्यावर ती वळसा घेऊन आग्नेयेस येते, आणि सुमारे ४,१८० किलोमीटरांचा प्रवास करून गिनीच्या आखातात अनेक मुखांनी मिळते. या वळशामुळे युरोपातील विद्वान शेकडो वर्षे बुचकळ्यात पडले होते. मंगो पार्क याने १७९६ साली ती पूर्वेकडे वाहते हे पाहिले, परंतु तिचे मुख शोधता शोधता १८०६ साली त्याचा अंत झाला. १८३० साली लँडर नावाच्या दोघा बंधूंनी होडीतून समुद्र गाठला, तेव्हा कोठे हे कोडे सुटले.

या नदीच्या नैर्ऋत्येस योरुबा लोकांचा देश आहे. तेथील ओसोगुन गावी १८०७ ते १८०९ च्या दरम्यान अजायीचा जन्म झाला. योरुबांचे ओयो नावाचे मोठे राज्य त्या काळी मोडकळीस आले होते व ठिकठिकाणी लढाया पेटल्या होत्या. लढाईत धरलेली माणसे किनाऱ्यावर नेऊन विकण्याचा व्यापार जोरात चालू होता. इंग्लंडने १८०७ साली कायद्याने हा व्यापार बंद केला होता, तरी पोर्तुगीज व इतर व्यापारी अमेरिकेसाठी माणसे विकत घेतच होते. १८२१ साली एके सकाळी गुलाम धरणाऱ्यांच्या टोळीने ओसोगुनला वेढा दिला. अजायी त्या वेळी बारा-तेरा वर्षांचा होता. आई व बहिणींसह त्याच्या गळ्यात दोर पडला. पुढे मायलेकरांची ताटातूट झाली. एकदा एका घोड्याच्या मोबदल्यात, तर पुढे तंबाखू व दारू यांच्या मोबदल्यात, असा तो या हातातून त्या हातात गेला. निराशेच्या भरात आपल्याच कंबरपट्ट्याने गळफास घ्यावा असेही त्याच्या मनात आले होते. अखेरीस लागोस येथे पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला विकत घेऊन जहाजाच्या तळाशी कोंबले.

परंतु गुलामांची जहाजे पकडण्यासाठी इंग्रजी आरमार त्या किनाऱ्यावर फिरत असे. १८२२ च्या एप्रिलात त्यांनी हे जहाज पकडले. बिचाऱ्या मुलांस आपली सुटका झाली आहे हेही कळेना. युद्धनौकेवर टांगलेले डुकराचे मांस पाहून ते माणसाचे असावे, व तोफेचे गोळे ही माणसांची डोकी असावीत, अशी त्यांची समजूत झाली. अशा थरथरत्या अवस्थेत अजायी सिएरा लिओन देशातील फ्रीटाउन बंदरी उतरला.

फ्रीटाउन ही सोडविलेल्या गुलामांची वसाहत होती. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यांतून धरून आणलेली माणसे तेथे एकत्र आल्यामुळे कोयले नावाच्या मिशनरी विद्वानाला त्या एकाच गावात बसून दीडशेहून अधिक भाषांचे शब्द गोळा करता आले. त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. या कामाचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंतही पोहोचला आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जहाजांतून सोडविलेली मुले त्याच चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे सांभाळली व शिकविली. त्यांपैकी काही तरुण पुढे डॉक्टर लिव्हिंगस्टन यांच्यासोबत आफ्रिकेत गेले.

अजायी मिशनच्या शाळेत बसला आणि अवघ्या सहा महिन्यांत नवा करार वाचू लागला. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला व त्याला सॅम्युएल क्राउथर हे नाव मिळाले. १८२७ साली फूरा बे येथे विद्यालय उघडले, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव होते. शिक्षण झाल्यावर ते शिक्षक झाले, व आपल्याप्रमाणेच गुलामगिरीतून सुटलेल्या सुझन नावाच्या मुलीशी त्यांनी विवाह केला.

१८४१ साली इंग्रज सरकारने नायजर नदीत आगबोटींची एक मोहीम पाठविली, तिच्याबरोबर क्राउथर गेले. तापाने मोहिमेची दैना झाली. सुमारे १४५ युरोपियनांपैकी चाळीसहून अधिक मरण पावले. एवढे मात्र सर्वांच्या ध्यानात आले, की या देशात सुवार्तेचे काम तेथीलच लोकांनी केले पाहिजे. १८४३ साली लंडन येथे क्राउथर यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली व ते योरुबा देशात परतले.

त्यांचे पहिले ठाणे आबेओकुटा हे होते. या नावाचा अर्थ खडकाखालचे गाव असा आहे. लढायांतून पळालेल्या लोकांनी १८३० च्या सुमारास मोठ्या खडकाच्या आश्रयाने ते वसविले होते. तेथे १८४६ साली त्यांना त्यांची आई भेटली. पंचवीस वर्षांनंतरची ही भेट होती, आणि उभयतांना बराच वेळ शब्द फुटेना. योसेफाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. येथे ती दुसऱ्यांदा घडली असे म्हणावयास हरकत नाही. मातेने ख्रिस्ती शिक्षण घेतले, व १८४८ साली तिचा बाप्तिस्मा झाला. शमुवेलाची आई म्हणून तिला हन्ना हे नाव देण्यात आले.

आता त्यांच्या भाषेच्या कामाकडे वळू. योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ सुरावर अवलंबून असतो. ‘ओको’ हा शब्द एका सुरात म्हटला तर नवरा, दुसऱ्या सुरात कुदळ, तिसऱ्या सुरात होडी असा त्याचा अर्थ होतो. बाहेरचा मनुष्य किती शिकला तरी येथे अडखळावयाचाच. क्राउथर यांची ही मातृभाषा होती, तरी तेवढ्यावर ते थांबले नाहीत. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ते जुने शब्द व म्हणी टिपून घेत. एकदा घरास आग लागून अनेक वर्षांची टिपणे जळून गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. योरुबा शब्दकोश व व्याकरण त्यांनी रचले. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा मुख्य भार त्यांनीच वाहिला, व सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते १८८० नंतरच्या दशकात पूर्ण झाले. ईग्बो भाषेचे पहिले पुस्तक त्यांनी १८५७ साली तयार केले, आणि नूपे भाषेचे व्याकरणही रचले. उत्तरेकडील हौसा भाषा तर निराळ्याच कुळातील असून अरबी व इब्री यांच्याशी तिचे दूरचे नाते आहे. म्हणजे एकाच नदीच्या काठी किती भाषा नांदतात हे वाचकांनी पाहावे.

१८५४ च्या मोहिमेत ते नायजरमधून तिला मिळणाऱ्या बेन्वे नदीत दूरवर गेले. या खेपेस क्विनाइन नियमाने घेतल्यामुळे तापाने कोणी दगावले नाही. १८५७ साली त्यांनी ओनित्शा येथे मिशन स्थापिले, व नदीच्या काठाने ठाणी वसविली. त्यांवरील कामकरी बहुतेक सर्व आफ्रिकी होते. मुसलमान राजांच्या दरबारी ते वाद घालीत नसत. प्रश्न ऐकून घेत व शास्त्र उघडून शांतपणे उत्तर देत.

चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचे मत असे होते, की प्रत्येक देशातील मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, कारभार आपण पाहावा व सुवार्ताही आपणच पसरवावी. त्यांच्याच आग्रहाने २९ जून १८६४ रोजी कँटरबरी येथे क्राउथर यांस बिशप करण्यात आले. अँग्लिकन मंडळीत हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी होत. परंतु आबेओकुटा व लागोस त्यांच्या अधिकाराखाली दिले नाहीत, कारण तेथील काही युरोपियन मिशनऱ्यांस काळ्या बिशपाच्या हाताखाली राहणे मान्य नव्हते.

व्हेन १८७३ साली वारले आणि काळ पालटला. १८८४-८५ साली बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रांनी सभा भरवून आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले. त्या सभेत एकही आफ्रिकी मनुष्य नव्हता. हेच वारे मिशनातही शिरले. नायजर मिशनात काही कामकऱ्यांचे दोष खरे होते. क्षेत्र अफाट, आणि बिशप वृद्ध व मवाळ होते. परंतु १८९० साली विलायतेहून नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी ओनित्शाच्या सभेत ऐंशी वर्षे ओलांडलेल्या त्या बिशपांसमोरच त्यांचे कामकरी दूर केले. निलंबितांत त्यांचे पुत्र डँडेसन हेही होते. बिशपांनी त्या कमिटीचा राजीनामा दिला, पण मंडळी सोडली नाही. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे ते प्रभूमध्ये निजले. त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमण्यात आला. पुढे २०१४ साली, त्यांच्या बिशपपदास दीडशे वर्षे झाली तेव्हा, कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्याच मंदिरात या अन्यायाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

ज्या देशात क्राउथर यांनी हे श्रम केले तो नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला. आज तेथील अँग्लिकन मंडळी जगातील अतिशय मोठ्या मंडळ्यांपैकी एक असून योरुबा लोक आपल्या भाषेत शास्त्र वाचीत आहेत.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकी पुष्कळजण अल्प वेतनावर दूरच्या वाड्यांत काम करिता, आणि तुमच्या श्रमांचा हिशेब कधी कधी तुमचे गाव न पाहिलेली माणसे घेतात. अशा वेळी या वृद्ध सेवकाचे स्मरण ठेवा. त्यांचा अधिकार गेला, परंतु म्हाताऱ्यांजवळ बसून टिपलेले शब्द राहिले व त्यांतून लोकांस शास्त्र मिळाले. तुमच्या गावातील भिल्ल, वारली अथवा कातकरी शेजाऱ्यांची बोली तुम्ही शिकला नसाल, तर या आठवड्यापासूनच आरंभ करा, व रोज पाच शब्द वहीत उतरून ठेवा अशी आमची विनंती आहे.