तार, घोडी आणि पोकळ देह : चंद्रशेखर वेंकट रामन

१. प्रास्ताविक

२८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून ओळखतो. १९२८ साली या दिवशी प्रकाशाच्या प्रकीर्णनाविषयीचा जो शोध लागला, त्यामुळे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव जगभर गेले. मात्र प्रकाशाच्या अभ्यासात पूर्णपणे रमण्यापूर्वी अनेक वर्षे या शास्त्रज्ञाच्या टेबलावर एक वाद्य ठाण मांडून होते. ते वाद्य म्हणजे व्हायोलिन.

या घटकात आपण रामन यांच्या आयुष्याचा हाच भाग मुख्यत्वे पाहणार आहोत. व्हायोलिनचा आवाज नेमका कोठून येतो आणि वाद्याच्या घडणीचा त्या आवाजाशी काय संबंध असतो, हा त्यांचा प्रश्न होता. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकांना या चरित्रातील आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी सुरू केला, तेव्हा ते व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते, तर सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी होते.

२. जडणघडण

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील चंद्रशेखरन अय्यर गणित आणि भौतिकशास्त्राचे अध्यापक होते आणि त्यांना व्हायोलिनवादनाची आवड होती. त्यामुळे भौतिकशास्त्राची पुस्तके आणि व्हायोलिन या दोन्ही गोष्टी मुलाने एकाच घरात पाहिल्या. दक्षिणेत हे वाद्य तोवर परके राहिले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बालुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्या वादकांनी ते कर्नाटक संगीतात रुजवले होते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून रामन १९०४ साली बी. ए. आणि १९०७ साली एम. ए. झाले. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचला आणि त्याचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. १९०७ साली त्यांचा विवाह लोकसुंदरी यांच्याशी झाला. त्या वीणा वाजवीत. वडिलांच्या व्हायोलिनप्रमाणे पत्नीची वीणाही पुढे त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत आली.

३. कचेरी आणि प्रयोगशाळा

त्या काळी विज्ञानावर उपजीविका करणे भारतीय तरुणाला जवळजवळ अशक्य होते. रामन यांनी वित्तखात्याची स्पर्धापरीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक मिळवला आणि १९०७ साली कलकत्त्यात ते हिशेबखात्यात रुजू झाले. तेथे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. तिच्याजवळ इमारत आणि उपकरणे होती, परंतु संशोधन करणारे फारसे कोणी नव्हते. रामन सकाळी कचेरीपूर्वी आणि संध्याकाळी कचेरीनंतर तेथे काम करू लागले. संस्थेतील आशुतोष डे हे त्यांचे साहाय्यक झाले.

१९०९ साली त्यांची रंगूनला बदली झाली. पुढच्या वर्षी वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी, १९१० मध्ये, रामन नागपूरला आले. आपल्यापैकी जे अमरावती, अकोला परिसरातून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांनी हा संदर्भ लक्षात घ्यावा. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. तेथील मुक्काम वर्षभराचाही नव्हता. प्रयोगशाळा मागे राहिली, म्हणून त्यांनी राहत्या घरातच प्रयोगांची सोय केली. कंप पावणाऱ्या तारेच्या अभ्यासाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ताणलेली तार, प्रकाशाची सोय आणि नेमकी नजर एवढ्यावर तो सुरू ठेवता येतो. १९११ साली बढती मिळून ते कलकत्त्याला परतले.

४. व्हायोलिनचा देह

रामन यांनी काय शोधले हे समजण्यासाठी आधी वाद्याची रचना पाहू. भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडली, तर आवाज अगदी क्षीण येतो. तार बारीक असते. ती हवेला ढकलत नाही, हवा तिच्या दोन्ही अंगांनी निसटून जाते. तीच तार एखाद्या पोकळ डब्याला टेकवली, की आवाज भरून येतो, कारण आता डब्याचा रुंद पृष्ठभाग हवा हलवू लागतो. तार स्वर ठरवते, पण तो आपल्या कानापर्यंत पोहोचवते वाद्याचे शरीर.

व्हायोलिनचे शरीर सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीचे असते. वरची फळी, म्हणजे सतारीच्या भाषेत तबली, स्प्रूस या हलक्या लाकडाची असते आणि पाठ मेपलची. दोन्ही फळ्या मधोमध फुगीर असतात. या फुगीरपणामुळे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची तबलीसुद्धा तारांचा दाब पेलते आणि तरीही हलकी राहते. कंबरेशी वाद्य आत वळवलेले असते, ते मुख्यतः कडेच्या तारांवर गज अडथळ्याविना फिरावा म्हणून. घोडीच्या एका पायाजवळ तबलीपासून पाठीपर्यंत लाकडाची छोटी कांडी उभी असते. तो पाय त्यामुळे जवळजवळ स्थिर राहतो. गज तारेला आडवे ओढतो तेव्हा घोडी डोलते आणि तिचा दुसरा पाय तबलीला वरखाली हलवतो. पोटातील हवा दोन छिद्रांवाटे आतबाहेर करते. सुरईच्या तोंडावर फुंकर मारली असता जसा एक ठरावीक स्वर निघतो, तसाच या हवेचाही स्वतःचा स्वर असतो. त्याची कंप्रता सेकंदाला साधारण २७० ते २९० असते.

अशा रीतीने वाद्याच्या शरीराचे स्वतःचे काही स्वर असतात. तारेचा स्वर त्यांच्याशी जुळला की शरीर जोराने कंप पावते. यालाच अनुनाद म्हणतात. फळीची जाडी, फुगवटा, पोटाचे आकारमान किंवा छिद्रांची घडण बदलली, की हे अनुनाद सरकतात आणि आवाजाचा पोत बदलतो. बाह्य रूप मात्र काही अंशी बदलता येते. १८१९ साली फेलिक्स साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सपाट फळ्यांचे, समलंब चौकोनी व्हायोलिन पॅरिसमध्ये सादर केले होते. परीक्षकांच्या नजरेआड ते उत्तम पारंपरिक व्हायोलिनबरोबर आळीपाळीने वाजवले, तेव्हा त्याचा आवाज तोलामोलाचा ठरला.

५. गुरगुरणारा स्वर

गजाखालील तार डोळ्यांना भिंगाच्या आकाराची दिसते. प्रत्यक्षात ती कोणत्याही क्षणी दोन सरळ रेषांची असते आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून सतत धावत असतो. तार राळ लावलेल्या गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. हे हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले होते. रामन यांनी पुढचा प्रश्न घेतला. तार शरीराला हलवते हे खरे, पण शरीर तारेला काय करते?

त्याचे उत्तर त्यांना एका दोषात सापडले. व्हायोलिनवर आणि विशेषतः चेलोवर एखादा स्वर काही केल्या स्थिर लागत नाही. तो थरथरतो, गुरगुरतो. पाश्चात्त्य वादक त्याला लांडग्याचे नाव देतात. रामन यांनी तार आणि तबली या दोहोंच्या कंपनांची एकाच वेळी छायाचित्रे घेतली आणि १९१६ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. हा स्वर शरीराच्या प्रबळ अनुनादाशी जुळणारा असतो. शरीर इतके जोरात कंप पावते, की तारेतील ऊर्जा गज पुरवील त्याहून वेगाने ते शोषून घेते. मूळ स्वर कोसळतो आणि त्याच्या वरच्या सप्तकातील स्वर उमटतो. मग शरीराचे कंपन मंदावते, मूळ स्वर पुन्हा उभा राहतो आणि हाच फेरा चालू राहतो. तारेवर शरीराचा अंमल किती असतो, हे त्या दोषाने उघड केले.

१९१८ साली त्यांनी गजाने वाजणाऱ्या वाद्यांवरील आपला विस्तृत प्रबंध असोसिएशनच्या १५व्या बुलेटिनच्या रूपाने, पहिला भाग म्हणून, प्रसिद्ध केला. १९२०च्या सुमारास त्यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार केले. त्यात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच पुढे-मागे सरकवले जाई, म्हणजे गजाचा वेग आणि दाब मोजता येत. स्वर नीट लागण्यासाठी किमान किती दाब हवा हे प्रत्येक कंप्रतेला मोजले, तेव्हा शरीराचे अनुनाद जेथे होते तेथेच अधिक दाब लागतो असे आढळले. वादकाच्या हाताला जे जाणवते, ते आता आलेखावर दिसू लागले.

६. निर्णय

या काळात एक प्रश्न रामन यांच्यापुढे उभा राहिला. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे पालित अध्यासन देऊ केले. हिशेबखात्यात पगार भरघोस होता, बढतीची वाट मोकळी होती. अध्यासनाचे वेतन त्याच्या जवळजवळ निम्मे होते. दहा वर्षे पहाट आणि रात्र विज्ञानाला देऊन दिवस कचेरीला देणाऱ्या या अधिकाऱ्याने १९१७ साली सरकारी नोकरी सोडली. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

७. आपली वाद्ये

व्हायोलिनवर कसलेली ही दृष्टी रामन यांनी भारतीय वाद्यांकडे वळवली. १९०९ सालीच त्यांनी एकतारीवर लिहिले होते. १९२१ च्या लेखात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते, तर तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाकार असते. तार तिला सलग घासत कंप पावते, म्हणून छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने गळायला हवेत तेही ऐकू येतात. जवारीचा दोरा सरकवून आपले वादक हाच परिणाम साधत आले होते.

चर्मवाद्यांबाबतही तसेच घडले. गुरुकुंज मोझरीच्या भजनात वाजणारी खंजिरी आठवा. तिच्या कातड्यावर शाई नसते. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून त्यातून निश्चित सूर उमटत नाही. मृदंग आणि तबल्याच्या मध्यभागी शाईचा थर दिला, की पहिले पाच उपस्वर सुरेल पटीत येतात, हे रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली दाखवले. ज्या घडणीला अनेक विद्वान केवळ परंपरा समजत, तिच्यात कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने कमावलेले ज्ञान होते.

८. उत्तरायुष्य

१९२१ साली रामन युरोपला गेले. सागरप्रवासात दिसलेल्या पाण्याच्या निळाईने त्यांना प्रकाशाच्या प्रश्नाकडे ओढले आणि व्हायोलिनवरील प्रबंधाचा दुसरा भाग अखेर लिहिला गेला नाही. वाद्ये मात्र सुटली नाहीत. १९२७ साली जर्मनीतील भौतिकशास्त्राच्या मोठ्या संदर्भग्रंथात वाद्यांवरील प्रकरण त्यांनी लिहिले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ पासून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते आणि १९३४ साली त्यांनी मृदंग-तबल्यावर पुन्हा सविस्तर लिहिले. १९५४ साली ते भारतरत्न झाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

९. स्वाध्याय

(१) तार आणि वाद्याचे शरीर यांचा परस्परसंबंध रामन यांच्या प्रयोगांच्या आधारे स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

(२) १९०७ ते १९१७ या काळातील रामन यांच्या जीवनक्रमाचे वर्णन करून त्यांच्या निर्णयाचे महत्त्व विशद करा.

(३) आपल्या गावातील भजनी मंडळातील कोणतेही एक वाद्य निवडा. त्याचा आकार, पोकळी, लाकूड किंवा कातडे पाहून त्याच्या वादकाशी बोला आणि घडणीचा आवाजाशी असलेला संबंध सुमारे १५० शब्दांत लिहा.