नीलकंठशास्त्री गोरे : दर्शनांचे पंडित, ख्रिस्ताचे सेवक

आपल्या पौर्वात्य परंपरेत तत्त्वज्ञान व धर्म यांच्यामध्ये भिंत नाही. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा व वेदान्त ही सहा दर्शने म्हणजे नुसता बुद्धिविलास नव्हे. मनुष्याचे अंतिम कल्याण कशात आहे, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणूनच येथे विचार पालटला की जीवनही पालटते. याची साक्ष नीलकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रात मिळते.

त्यांचा जन्म 1825 साली झाशीजवळच्या खेड्यात, कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. काशीत वाढून त्यांनी व्याकरण व न्यायशास्त्र यांत प्रावीण्य मिळविले. मिशनऱ्यांचे मत खोडून काढावे म्हणून त्यांनी वाद आरंभिला आणि ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. परंतु खंडनासाठी उघडलेले पवित्र शास्त्रच त्यांच्या अंतःकरणाला भिडले. 1848 साली जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नहेम्या झाले. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांना पराकाष्ठेचे दुःख झाले. पत्नी लवकरच निवर्तली आणि कन्या एलन दुसऱ्यांच्या घरी वाढली. पुढे ती गीतकर्ती म्हणून प्रसिद्धीस आली.

1860 साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यात ते दर्शनांची परीक्षा त्यांच्याच तर्कपद्धतीने करतात. नैयायिकांच्या मते जीव व परमाणू अनादी आहेत. मग ईश्वर त्यांचा निर्माता कसा? सांख्यशास्त्र ईश्वराविना जगाची उपपत्ती लावते. मग भक्ती कोणाची? वेदान्तात ब्रह्म तेवढे सत्य. मग पापी कोण आणि क्षमा कोणाला?

तर्काने कसून पारखणारे हे मन स्वतःच्या श्रद्धेलाही प्रश्न विचारीत राहिले. शंकांनी ते अनेकदा व्याकूळ होत. तरी सेवा त्यांनी सोडली नाही. 1870 साली त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. पुण्यातही त्यांनी कार्य केले. 1883 साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंच्या शंकांचे निरसन होण्यास त्यांच्या लेखनाचे मोठे साहाय्य झाले. 1895 साली मुंबईत ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

वाचकहो, ज्या मताचे आपण खंडन करू इच्छितो, त्याचा आपण किती अभ्यास केला आहे? शेजाऱ्याचे दर्शन समजून न घेता दिलेली साक्ष त्याच्या कानांपर्यंत पोहोचते, हृदयापर्यंत क्वचितच. आणि शंकेने व्याकूळ झालेल्या बंधूला अविश्वासी ठरविण्यापूर्वी या पंडिताचे अवश्य स्मरण करावे.