तळ्याकाठची घरे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील लॉस एंजल्स शहरात, टेकड्यांच्या कुशीत, सिल्व्हर लेक नावाचा एक तलाव आहे. तो निसर्गनिर्मित नव्हे. शहराला पाणी पुरविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधण्यात आला. सिल्व्हर म्हणजे चांदी, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु हे नाव काही रुपेरी पाण्यावरून पडलेले नाही. ते पडले हर्मन सिल्व्हर नावाच्या पाणीपुरवठा मंडळाच्या एका सदस्यावरून!

ह्या तलावाच्या पूर्व काठाने चालू लागले, की सपाट छपरांची व काचेच्या भिंतींची काही घरे दिसतात. त्यांना कमानी नाहीत, नक्षी नाही. अनोळखी वाटसरू त्यांच्याकडे न पाहताच पुढे जाईल. परंतु वास्तुकलेचे विद्यार्थी ती पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतून येतात. ही घरे ज्याने उभारली, त्या रिचर्ड न्यूट्राची ही हकीकत आहे.

न्यूट्राचा जन्म ८ एप्रिल १८९२ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. त्याच्या वडिलांचा धातूच्या ओतकामाचा कारखाना होता. त्या काळी ओटो वाग्नर ह्या थोर वास्तुशिल्पज्ञाने शहरात रेल्वेची सुंदर स्थानके बांधली होती. ती पाहूनच आपणही वास्तुशिल्पज्ञ व्हावे, असे लहानग्या रिचर्डच्या मनाने घेतले. शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. तरुण रिचर्डला तोफखान्यात भरती होऊन बाल्कन प्रदेशात जावे लागले. तेथून तो दुखणाईत होऊन परतला. हवापालटासाठी स्वित्झर्लंडमध्ये राहिला असता एका उद्यानशिल्पज्ञाच्या हाताखाली त्याने काम केले. झाडे, ऊन, वारा आणि पाणी ह्यांवाचून माणसाचे घर अपुरे आहे, ही त्याची दृष्टी घडण्यात त्या दिवसांचा मोठा वाटा असावा, असे मला वाटते.

१९२३ साली तो अमेरिकेस गेला, आणि दोन वर्षांनी लॉस एंजल्सला स्थायिक झाला. रुडॉल्फ शिंडलर ह्या व्हिएन्नाच्याच मित्राने त्याला सहकुटुंब आपल्या घरी आसरा दिला. पुढे डॉक्टर लव्हेल ह्यांच्या घराचे काम न्यूट्राकडे आले. ह्यापूर्वी लव्हेल ह्यांचे काम शिंडलर करीत असे. ह्यावरून दोघा मित्रांत वितुष्ट आले. न्यूट्रा मोठा खरा, परंतु स्वभावाने मानी होता, आणि ह्या प्रकरणात त्याचे वर्तन सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणवत नाही. दैवयोग असा, की १९५३ साली दोघेही आजारी पडले असता त्यांना रुग्णालयात एकाच खोलीत जागा मिळाली! तेथे त्यांची पुन्हा मैत्री जुळली. त्याच वर्षी शिंडलर मरण पावला.

लव्हेल ह्यांचे ते घर १९२९ साली पूर्ण झाले. उभ्या उतारावर त्याचा पोलादी सांगाडा चाळीस तासांच्या आत उभा राहिला. सज्जे वरच्या छपरापासून पोलादी दोरांनी टांगलेले होते. जिन्यात तर मोटारीचे दिवे बसविले होते! हजारो लोक ते घर पाहून गेले.

न्यूट्राची कीर्ती पसरली. परंतु दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचे घर मात्र नव्हते. व्हॅन डर लेऊ नावाचा एक डच कारखानदार त्याच्याकडे आला असता ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्याने न्यूट्राला तीन हजार डॉलर कर्जाऊ दिले. त्या पैशाच्या आधाराने १९३२ साली तलावासमोर न्यूट्राचे घर उभे राहिले. आपल्या उपकारकर्त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याने घराचे नाव व्ही. डी. एल. संशोधनगृह असे ठेवले.

घराला संशोधनगृह का बरे म्हणावे? जागा होती अवघी साठ फूट रुंद आणि सत्तर फूट लांब. एवढ्या जागेत कुटुंब राहावे, कचेरी चालावी, शिकाऊ तरुणांनी आराखडे काढावेत, आणि तरीही कोणाला कोंडल्यासारखे वाटू नये, हे शक्य आहे काय? दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी न्यूट्राने हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. त्याने काचांतून तलाव घरात आणला, आणि गच्ची व अंगण ही राहत्या जागेतच धरली.

शाळांचाही त्याने असाच विचार केला. १९३५ साली बेल ह्या गावी बांधलेल्या शाळेत वर्गाची एक संबंध भिंत काचेची असून ती बाजूला सरकत असे. मग मुले आपल्या हलक्या खुर्च्या उचलून बागेत जाऊन बसत. प्रथम पुष्कळांनी ह्या शाळेची थट्टा केली. ज्याने आपला जन्म वर्गात काढला आहे, त्या माझ्यासारख्याला मात्र त्या मुलांचा हेवाच वाटतो.

पुढे १९४८ पासून दहा-बारा वर्षांत न्यूट्राने आपल्या घराजवळच्या उतारावर आणखी काही घरे बांधली. एका घराने दुसऱ्याचा तलाव झाकू नये, अशी त्यांची मांडणी आहे. घर बांधण्यापूर्वी तो घरमालकांकडून त्यांच्या दिनक्रमाची बारीकसारीक माहिती लिहून घेई. त्यांपैकी काही घरे जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांसाठी होती. दुसऱ्या महायुद्धात ह्याच वंशाच्या लोकांना सरकारने घरांतून उठवून छावण्यांत डांबले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घरांचे मोल कळते.

आणि मग १९६३ च्या मार्च महिन्यात न्यूट्राचे घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. तळघर आणि १९३९ साली अंगणापलीकडे बांधलेले छोटे बागघर तेवढे वाचले. वर्षानुवर्षांचे कागदपत्र आणि आराखडे जळाले. न्यूट्रा सत्तरीला पोहोचला होता. त्या वयात पुन्हा पाया भरावा कोणी? परंतु त्याचा मुलगा डायन हाही वास्तुशिल्पज्ञ होता. जुन्या तळघरावरच नवे घर उभे करण्याचे ठरले, आणि आराखड्याचे पुष्कळसे काम मुलाने केले.

जुने घर जसेच्या तसे उभारणे सोपे होते. पण त्यांनी तसे केले नाही. काचेच्या घरात मावळतीचे ऊन फार शिरते, हे बापलेकांना आता अनुभवाने कळले होते. म्हणून दर्शनी बाजूस उन्हाप्रमाणे फिरविता येतील अशा ॲल्युमिनियमच्या उंच उभ्या पट्ट्या बसविल्या. आत जागोजागी आरसे लावले. गच्चीवर उथळ पाणी खेळविले. वर बसून पाहावे, तर हे जवळचे पाणी आणि समोरचा तलाव एकच भासतात. १९६६ साली हे घर पुरे झाले.

१६ एप्रिल १९७० रोजी जर्मनीच्या प्रवासात असताना न्यूट्रा वारला. त्याची पत्नी डिओनी सेलो वाजवीत स्वतः गात असे. ती १९९० पर्यंत जगली. हे घर तिने पोमोना येथील तंत्रविद्यापीठास दिले. तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ते वर्षानुवर्षे पाहुण्यांना हिंडून दाखविले आहे. २०१६ साली अमेरिकन सरकारने ह्या घराची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंत गणना केली. टेकडीवरील त्या घरांना लागून जाणाऱ्या लहानशा रस्त्यास न्यूट्रा प्लेस असे नाव आहे.